ह्यांचं नाव

आमच्या ह्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. सिल्वासात निम्म्या लोकांना ते पाठ आहे. दोन-तीन भिंतींवर ते अजूनही पुसट दिसतं, आणि एके काळी रिक्षाला भोंगा बांधून ते गल्लोगल्ली ओरडलं जायचं. मी ते लग्नाच्या दिवशी एकदा घेतलं, आणि ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हाही घेतलं नाही.

झालं असं, की मांडवात बायकांनी मला अडवलं. नाव घेतल्याशिवाय पुढे सोडणार नाही म्हणाल्या. मी जव्हारकडची, आश्रमशाळेत शिकलेली, डी.एड. झालेली, त्यामुळे मला उखाण्याचं कसलं भय. चांगला घोकून ठेवला होता. पण मी तोंड उघडलं आणि नेमकी पिपाणीवाल्याला हुक्की आली. त्याच्या मागोमाग संबळ सुरू झाला. बायकांनी ओठांवरून ओळखलं आणि मला सोडलं. हे माझ्या शेजारी उभे असून ह्यांच्या कानापर्यंत एक अक्षर पोचलं नाही.

तेव्हापासूनची ह्यांची तक्रार एकच. मी नाव घेतलंच नाही. मी म्हणायची, साऱ्या मांडवानं ऐकलं. हे म्हणायचे, मांडवाशी माझं लगीन झालं काय. मग परत घेऊन दाखव म्हणून मागे लागायचे. मी कशाला घेते. चुलीपाशी सासूबाई बसलेल्या, आणि आम्हा कोकणा आदिवासींत जुन्या बायका म्हणायच्या की नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं की त्याचं आयुष्य कमी होतं. मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण विषाची परीक्षा कुणी सांगितली आहे?

हे मूळचे किलवणीचे. लग्न झालं तेव्हा मसाटच्या एका कारखान्यात सुताच्या मशिनवर शिफ्टला जात होते. माझी शाळा सिल्वासात, म्हणून आम्ही शहरातच एका गल्लीत खोली भाड्यानं घेतली. गल्लीत खानदेशातले, वलसाडकडचे, उत्तर प्रदेशातले, सगळे कारखान्यांच्या मागे आलेले. नळ प्रत्येकाच्या दारात होता, पण पाणी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरांतच संपून जायचं. शेवटच्या घरांना नुसती हवा. त्यावरून रोज भांडणं, आणि एका रविवारी बदामाच्या झाडाखाली सगळ्यांनी बैठक घेतली. नगरपालिकेत गल्लीच्या वतीनं कुणी तरी जायला हवं होतं.

इथे किलवणीची एक रीत सांगायला हवी. त्यांच्याकडे बैठकीत कुणी स्वतःहून पुढे होत नाही. दुसऱ्या कुणी तरी नाव घेऊन हाक मारायची. आणि पहिल्या हाकेला उठायचं नाही, खाली मान घालून बसून राहायचं. पहिली हाक लोक तोंडदेखली मारतात, असं त्यांचं म्हणणं. खरंच गरज असेल तर ते दुसऱ्यांदा हाक मारतील, तेव्हा उठायचं. दुसऱ्या हाकेला बसून राहणं मात्र माजोरीपणाचं. मला हे सासूबाईंनी सांगितलं होतं, पण गल्लीला कुठलं माहीत असायला.

तर त्या बैठकीत समोरच्या खानदेशी मावशींनी ह्यांच्या नावानं हाक मारली. हे बसलेलेच. पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघा ओढत होते. लोकांना वाटलं, ह्यांना नको आहे. दुसऱ्या कुणाचा तरी विचार सुरू झाला. पण मावशींचा आवाज तिखट आणि स्वभाव त्याहून तिखट. त्यांनी परत नाव घेऊन विचारलं, बहिरा झाला का रे? तेव्हा हे उठले आणि म्हणाले, "बरं."

ह्यांचं राजकारणातलं पहिलं भाषण तेवढंच. पुढे लांबलचक भाषणंही केली, पण ह्या एका शब्दाइतकं चांगलं भाषण मी ह्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही.

पाण्याचं जमलं, आणि मग लोकांनीच ह्यांना नगरपालिकेला उभं केलं. मी शाळा सुटल्यावर बायकांबरोबर प्रचाराला जायची. आता प्रचार म्हणजे उमेदवाराचं नाव सांगणं, आणि माझी पंचाईत तिथेच. दारात उभी राहून मी म्हणायची, ह्यांना मत द्या. कुणाला, असं विचारलं की मी भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट दाखवायची. असं आठवडाभर छान चाललं. निकालानंतर कोपऱ्यावरच्या आजी पेढा घ्यायला आल्या आणि मला म्हणाल्या, तू दाखवलास तो मिशीवाला पडला गं, वाईट वाटलं. आमच्या ह्यांना मिशी नाही. त्या कोपऱ्यावर ह्यांच्या पोस्टरवर विरोधी उमेदवाराचं पोस्टर कधी चिकटवलं गेलं हे मी मान वर करून पाहिलंच नव्हतं. हे एवढे हसले की खुर्चीवरून खाली आले. जिंकले होते म्हणून हसले. हरले असते तर मी माहेरी गेले असते.

ह्यांची काम करायची पद्धत गल्लीतच ठरली ती ठरली. कुठल्याही कामाची सुरुवात शेवटच्या घरापासून. पाणी सोडायच्या वेळी हे माझी स्टीलची कळशी घेऊन गल्लीच्या टोकाला जायचे, शेवटच्या नळाखाली लावायचे आणि भरेपर्यंत तिथेच बसायचे. नगरपालिकेतले लोक म्हणायचे, पाणी टाकीपाशी तपासतात. हे म्हणायचे, टाकीला कुठं तहान लागते. माझी ती कळशी त्या काळात घरी कमी आणि गल्लीत जास्त असायची.

पुढे जिल्हा पंचायत आली. आमचा प्रदेश केंद्रशासित, त्यामुळे आमच्याकडे विधानसभा नाही, मुख्यमंत्री नाही. मोठं काम करायचं असेल तर जिल्हा पंचायत हीच आमची विधानसभा. किलवणीच्या बाजूच्या लोकांनी ह्यांना हाका मारून नेलं. तिथेही हे आधी बसून राहिले असणार, मी विचारलं नाही. निवडून आले, एका समितीचे सभापती झाले. मोटारसायकलवरून राखोलीचा पूल ओलांडून आत जायचे, आणि रस्ता संपतो तिथल्या शेवटच्या पाड्यावर जाऊन आधी चहा प्यायचे. दूध नसलेला, गुळाचा. घरी आले की म्हणायचे, आज अमक्या पाड्यात गेलतो, तिथली शाळा गळते, आणि मुलांची नावंही सांगायचे. ह्यांना सगळ्यांची नावं लक्षात राहायची.

ह्यांचं स्वतःचं नाव मात्र त्याच काळात कमी कमी होत गेलं. गल्लीत नुसतं नाव आणि पुढे भाऊ. पंचायतीत सभापतीसाहेब. गाडी आली, ड्रायव्हर आला, आम्ही सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो, तेव्हा शेजारी सर म्हणू लागले. मग दिल्लीहून फोन आला. आदिवासींच्या प्रश्नांवर केंद्र सरकारचा एक आयोग होता, त्यावर ह्यांना सदस्य म्हणून घेतलं. आता तिथे हे माननीय सदस्य महोदय.

दिवाळीच्या सुटीत मी एकदा दिल्लीला गेले. ह्यांची खोली, ह्यांचं टेबल, दारावर पितळी पाटी, हिंदीत आणि इंग्रजीत नाव. हे आत एका अधिकाऱ्याशी बोलत होते तोवर मी बाहेर उभी राहून पाटीवर पदर फिरवला. धूळ नव्हती, उगाच. शिपायानं विचारलं, मॅडम, किससे मिलना है? मी पाटीकडे बोट दाखवलं. ह्या वेळी मिशी नाही ना ते आधी बघून घेतलं.

दिल्लीत ह्यांचं मन रमलं असं म्हणवत नाही. बैठकीत कुठलीही योजना आली की हे विचारायचे, ह्यातलं शेवटचं घर कुठलं. अधिकारी भिंतीवरचा नकाशा दाखवायचे. नकाशात घरं नव्हती. तरी हे विमानातून, रेल्वेतून, जीपमधून शेवटच्या घरांकडे जात राहिले, आणि काही ठिकाणी काही झालंही. ह्यांच्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. बायको म्हणून मला तसं वाटतं, एवढंच.

तिथून फोन यायचा तो जेवणाच्या सुमाराला. काय खाल्लं, सासूबाईंचा गुडघा कसा आहे, असं सगळं झाल्यावर एकदा म्हणाले, "अगं, इथं मला कुणी नावानं हाकच मारत नाय. तू तरी एकदा घे." मी म्हटलं, आई इथे बसल्यात, पोळी करपतेय. आणि हसून फोन ठेवला.

सासूबाई त्याच्या पुढच्या वर्षी गेल्या. आयोगाची मुदतही संपली. नवा आयोग आला, त्यात ह्यांचं नाव नव्हतं. लोकसभेला ह्यांना उभं करणार असं लोक बोलत होते, पण तिकीट दुसऱ्याला मिळालं. कुणी काही वाईट केलं नाही, कुणी ह्यांचा अपमान केला नाही. फक्त फोन वाजायचा थांबला. आधी मला बरं वाटलं, चला, आता जेवताना तरी माणूस समोर असेल. मग लक्षात आलं की माणूस समोर आहे, पण जेवत नाही.

आता लोक ओळख करून द्यायचे ती माजी म्हणून. माजी नगरसेवक, माजी सभापती, माजी सदस्य. हे सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे ते ऊन अंगावर आल्यावर उठायचे. दाढी एक दिवसाआड झाली, मग आठवड्यानं. किलवणीला जाणं टाळू लागले, कारण तिथे लोक विचारतात, सध्या काय? आमची मुलगी वापीला नोकरी करते, ती आपल्या नवऱ्याला खुशाल नावानं हाक मारते, वर अरे-तुरे करते. तिनं सुचवलं, बाबांना आत्मचरित्र लिहायला सांग. मी तिला म्हटलं, ते अजून जिवंत आहेत. नंतर फोन ठेवल्यावर मलाच रडू आलं, कारण मला नेमकी तीच भीती होती. खुर्ची गेली ह्याचं मला सुतक नव्हतं. पण हा माणूस हाकेला उठणारा होता, आणि त्याला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. असाच बसून राहिला तर एक दिवस उठायचंच विसरेल असं मला वाटायचं.

आमच्या सोसायटीत दोन इमारती, पुढची आणि मागची. एकदा चहा पिताना हे आपणहून बोलले. म्हणाले, मागच्या बिल्डिंगला वर पाणी पोचत नाही. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, चौथ्या मजल्यावरची बाई रोज बादली घेऊन खाली येते, वॉल्व्ह अर्धाच उघडत असणार. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, मग सांगा ना जाऊन कमिटीला.

"मला कुणी बोलवलंय?" हे म्हणाले, आणि कप ठेवून गॅलरीत गेले.

तेव्हा मला सगळं उमजलं. मी सेक्रेटरींच्या घरी गेले. ते नाशिकचे, मसाटला मॅनेजर आहेत, फार सभ्य माणूस. चेअरमनची बदली झाली होती, ती जागा रिकामी होती, म्हणून मी आडून आडून विषय काढला. ते एकदम संकोचले. म्हणाले, मॅडम, सरांनी दिल्लीत काम केलंय, त्यांना आम्ही टाकीच्या वॉल्व्हसाठी कसं सांगणार, बरं नाही दिसत ते. त्यांच्या पत्नीनंही मान हलवली. म्हणजे सोसायटीला वाटत होतं, हे फार मोठे. आणि ह्यांना वाटत होतं, आपण कुणीच नाही. दोघंही एकमेकांचा मान राखून गप्प बसले होते आणि चौथ्या मजल्यावरची बाई बादली घेऊन चढत होती. मला मनस्वी राग आला, पण कुणावर काढायचा ते कळेना.

वार्षिक सभा रविवारी पार्किंगमध्ये होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या. मी ह्यांना दाढी करायला लावली आणि जवळजवळ ओढतच खाली आणलं. हे सगळ्यात मागे, स्कूटरींच्या रांगेपाशी बसले. मी बायकांमध्ये पुढे. हिशेब वाचून झाले, लिफ्टवरून थोडी वादावादी झाली, मराठी-गुजराती-हिंदी सगळं एकत्र. मग सेक्रेटरींनी विचारलं, चेअरमनसाठी कुणी नाव सुचवतंय का.

सगळे मोबाइलमध्ये बघायला लागले. मी वळून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. मनात म्हणत होते, घ्या ना कुणी तरी, तुम्हा सगळ्यांना येतं ते नाव. पुढच्या रांगेतल्या पुण्याच्या इंजिनिअरनं एकदा मागे ह्यांच्याकडे पाहिलं आणि परत मान खाली घातली. बदामाच्या झाडाखालच्या मावशी मला फार आठवल्या. त्या गेल्याच आता मुलाकडे, भुसावळला.

सेक्रेटरी म्हणाले, कुणी तयार नसेल तर आहे तीच कमिटी चालू ठेवू. तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, मला एक नाव सुचवायचं आहे.

बोला मॅडम, ते म्हणाले.

आमच्या ह्यांचं, मी म्हटलं. बायका हसल्या, चांगलं हसल्या. सेक्रेटरीही हसले, पण ते नियमाचे पक्के. म्हणाले, सभेच्या कामकाजात यायला हवं, तुम्हाला पूर्ण नाव घ्यावं लागेल.

पूर्ण नाव म्हणजे सासऱ्यांचंही. वर्गात पन्नास मुलांसमोर आवाज चढवणारी मी, आणि इथे समोरच्या खुर्चीची पाठ धरून उभी. सासूबाई समोर चुलीपाशी बसल्यासारख्या वाटल्या. आयुष्य कमी होतं म्हणायच्या. मनात म्हटलं, आई, न घेऊनही ते कमीच होतंय. आणि मी घेतलं. ह्यांचं, सासऱ्यांचं, आडनाव, सगळं. पिपाणी नव्हती, संबळ नव्हता. पार्किंगमध्ये एवढी शांतता झाली की माझाच आवाज मला कुणा दुसऱ्या बाईचा वाटला.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. हे बसलेलेच. मान खाली. चपलेतून अंगठा बाहेर काढून फरशीवर रेघा ओढत होते.

सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. मग अगदी हळुवार म्हणाले, सर, तुमची इच्छा नसेल तर आग्रह नाही, आम्ही समजू शकतो. पुण्याच्या इंजिनिअरनं घसा साफ केला. कुणी तरी खुर्ची सरकवली. सभा पुढे निघाली होती, आणि ती अशीच पुढे गेली तर हे वर जाऊन गॅलरीत बसणार आणि परत खाली येणार नाहीत, हे मला दिसत होतं. त्या सगळ्या माणसांत किलवणीची रीत मला एकटीला ठाऊक होती.

मी परत हाक मारली. ह्या वेळी सासरे नाहीत, आडनाव नाही, अहो नाही, साहेब नाही. नुसतं नाव, शेताच्या बांधावरून मारतात तशी मोठ्यानं.

हे उठले. शर्ट खाली ओढला. म्हणाले, "बरं."

टाळ्या वाजल्या. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसलं, बिचारे किती दिवस संकोच करत होते. चहा आला, पण हे चहाला थांबले नाहीत. सरळ मागच्या इमारतीकडे निघाले, चौथ्या मजल्याकडे. लिफ्ट असून जिन्यानं. मी मागोमाग. वाटेत आमच्या घरातून कळशी घेऊ का म्हणून विचारलं, तर म्हणाले, त्यांच्याकडे बादली असेल.

दुसऱ्या मजल्यावर मला धाप लागली. हे दोन पायऱ्या वर थांबले, कठड्याला धरून. माझ्याकडे बघत होते, आणि डोळे भरलेले होते. मी पदरानं तोंड पुसत विचारलं, आता तरी ऐकू आलं का, की इथेही पिपाणी वाजत होती?

"पयल्या येळंलाच आलं," हे म्हणाले.

मग पहिल्याच वेळी का नाही उठलात, मी म्हटलं. रीत मला माहीत आहे, पण तिथे तुमच्या गावचं कोण बसलं होतं?

हे परत जिना चढायला लागले. पाठमोरेच म्हणाले, "रीत नाय गं. दुसऱ्यांदा ऐकायचं होतं."